तीन फूट जास्तीचा कोपरा

ही गोष्ट लिहायची मी नऊ वर्षं टाळली. आधी बायकोच्या भीतीनं टाळली, मग मानपानाच्या लोभानं आणि शेवटी निव्वळ लाजेनं. आता बायकोला चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही, मानपान देणारा माणूस राहिला नाही, आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी लाज सांभाळत बसण्याइतका दमही उरलेला नाही. म्हणून लिहितो. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी स्टँडसमोर उभे राहा, साधारण तोच रस्ता.

तर माझे व्याही. रस्त्यावर इतकं प्रेम करणारा आणि त्याच रस्त्याला इतका भिणारा दुसरा माणूस सबंध मराठवाड्यात झाला नसेल. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली. परंडा-कुर्डुवाडी ही त्यांची ठरलेली गाडी. अणदूरच्या खंडोबाच्या यात्रेला जादा गाड्या सुटत, त्यातलीही एक त्यांच्याकडे असे. एवढ्या वर्षांत आपल्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नाही, असं ते सांगत. विहीणबाई म्हणत, एक आली होती. ते म्हणत, ती आधीच मेलेली होती. हा वाद मी किमान चाळीस वेळा ऐकला आणि दोघांनीही एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मग ते निवृत्त झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा पायी रस्त्यावर आले. हातात स्टेअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही, समोर काच नाही. पहिल्याच दिवशी स्टँडसमोरचा रस्ता ओलांडायला गेले आणि अर्ध्यातून परत फिरले. शेवटी त्यांनी रिक्षा केली. समोर दिसणाऱ्या सरकारी दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायला रिक्षा करणारा गावातला हा पहिलाच माणूस. रिक्षावाल्यानं पुढच्या चौकातून वळसा घालून त्यांना फाटकाशी उतरवलं आणि पेशंट समजून पैसेही घेतले नाहीत.

त्यानंतर त्यांनी ठरवलं, की गाडी सुटली तरी नियम सोडायचे नाहीत. ते पायी चालत, पण चालवल्यासारखे. गल्लीत वळायच्या आधी उजवा हात खांद्याच्या उंचीला सरळ बाहेर काढत. तो हात दोनदा दूधवाल्याच्या नाकावर बसला होता. पुढं कुणी हळू चालत असेल तर आधी खाकरून हॉर्न देत आणि मगच उजवीकडून पुढं जात. आमच्या लेकीच्या लग्नात वरात रस्त्याच्या डाव्या बाजूनंच जाईल असा त्यांनी हट्ट धरला होता. बँडवाले नाचणाऱ्यांना घेऊन मधोमध येत, हे त्यांना परत कडेला नेत. नवरदेवाची घोडी तेवढी शिस्तीत चालली, असं ते नंतर कौतुकानं सांगत. त्यांच्या देवघराचं दार इतकं अरुंद होतं की पूजा झाली की उलटंच बाहेर यावं लागे. तेव्हा विहीणबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणत, "येऊ द्या, येऊ द्या, बास." आणि घरातून निघताना तर कंडक्टरची डबल बेल लागे. विहीणबाई वाटीवर चमचा दोनदा वाजवत, टण् टण्, आणि मगच हे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत. एकदा त्या माहेरी गेल्या होत्या, तेव्हा गृहस्थ साडेअकरापर्यंत दारात चपला घालून उभे होते. शेवटी शेजारणीनं येऊन वाटी वाजवली.

मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी मुलीकडे धड बघितलंही नाही. पोह्यांची बशी घेऊन खिडकीत गेले आणि आमच्या दारातला रस्ता बघत राहिले. मग एकच प्रश्न विचारला. "पोरी, शाळेत जाताना रस्ता कुठनं वलांडायचीस?" लेक म्हणाली, खांबापाशी थांबून, आधी उजवीकडे बघून. ते बशी खाली ठेवून म्हणाले, "पोरगी पसंत हाय." पत्रिका वगैरे नंतर जमल्या.

माणूस असा साधा. पण वरपक्ष तो वरपक्ष. मी मुलीचा बाप, जन्मभर नगरपरिषदेच्या शाळेत कारकुनी केलेला. लग्नात त्यांच्या चुलतभावाच्या फेट्याचा रंग चुकला म्हणून मी हात जोडून उभा होतो, जेवणात मठ्ठा आंबट झाला म्हणून हात जोडून उभा होतो आणि काहीच चुकलं नाही तेव्हाही सवयीनं हात जोडून उभा होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पापाचं मूळ या जोडलेल्या हातांत आहे.

पुढं स्टँडसमोरचा रस्ता रुंद झाला. गावाला आनंद झाला, व्याह्यांना ताप आला. ते दिवसभर स्टँडच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसून रस्ता मोजायला लागले. फुटांनी नाही, आक्कांनी. आक्का म्हणजे रोज सकाळी पहिल्या गाडीनं कोथिंबिरीची पाटी घेऊन येणारी म्हातारी. तिला स्टँडच्या बाजूनं निघून पलीकडे पोचायला जेवढा वेळ लागे त्याला ते एक आक्का म्हणत. मला पहिल्यांदा समजावलं ते असं, "ईवाई, रस्ता एक आक्का रुंद हाय. दोन गाड्यांमधली फट अर्धी आक्का. मग ऱ्हायलेल्या अर्ध्या आक्कानं जायचं कुठं?" आमच्याकडे व्याह्याला बोलताना ईवाई म्हणतात. मी म्हणालो, वेग कमी करायची पाटी लावायला सांगू. ते म्हणाले, "ड्रायव्हर पाटी वाचत न्हाय, रस्ता वाचतो. रस्ता रुंद दिसला की पाय आपसूक खाली जातो. म्या एकतीस वर्षं तो पाय बघितलाय. माझाच व्हता."

त्यांचा उपाय सोपा होता. रस्त्याच्या मधोमध माणसाला उभं राहता येईल असं एक बेट करायचं, म्हणजे आक्का अर्धी अर्धी करून पलीकडे जाईल. ओलांडायच्या जागी रस्ताच फुटपाथाच्या उंचीला आणायचा, म्हणजे माणसानं गाडीच्या वाटेत उतरायचं नाही, गाडीनं माणसाच्या वाटेवर चढायचं. आणि गल्ल्यांची तोंडं आवळायची, म्हणजे वळणारा झक मारत हळू होईल. याचे नकाशे त्यांनी आमच्या लेकीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर काढले. नगरपरिषदेत दिले तेव्हा तिथले साहेब उलटी बाजू वाचून म्हणाले, लग्नाला जरूर येतो. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तरीही व्याही दर सोमवारी तिथं जाऊन बसत. शेवटी साहेब कंटाळले आणि आठ दिवस प्रयोग करून बघायची परवानगी मिळाली.

मग गावातल्या प्रत्येक पंक्चरवाल्याकडून व्याह्यांनी जुने टायर गोळा केले, त्यांना पांढरा रंग दिला, फक्कीनं पट्टे आखले आणि वाळूच्या गोण्यांचं बेट केलं. पहिल्या दिवशी आक्का बेटापर्यंत आली, तिथं पाटी उतरवली, कमरेची चंची काढली आणि निवांत पान लावलं. रस्त्याच्या मधोमध उभी राहून पान खाणारी बाई आमच्या गावानं पहिल्यांदाच बघितली. दोन्हीकडे ट्रक थांबलेले आणि आक्का चुना चोळतेय. टपरीवर बसलेल्या व्याह्यांचे डोळे भरून आले. "गाडी येळेत पोचल्यावर सुदिक मला असं वाटलं न्हाय कधी," असं ते म्हणाले.

चौथ्या दिवशी मी पडलो.

आता खरं सांगायचं ते हे. मला मधुमेह आहे. डॉक्टरनं गोड बंद केलं होतं आणि बायकोनं ते कायद्यासारखं पाळलं होतं. त्या सकाळी दवाखान्यात गोळ्या आणायला जातो म्हणून मी मोपेड काढली. दवाखान्याशेजारच्या गल्लीच्या तोंडाशी हॉटेलवाला जिलबी काढत होता. कढईत नुकतं चौथं वेटोळं पडलं होतं. मी ते बघत होतो. समोर हातभर उंचीचा पांढराफेक टायर होता, त्याच्यामागं दुसरा होता आणि तिसऱ्यावर व्याह्यांनी लाल कापड बांधलेलं होतं. तिन्ही मला दिसले, पण आडवा झाल्यावर. डाव्या हाताचं मनगट मोडलं. सगळ्यात आधी व्याही धावत आले. अशा वेळीही त्यांनी उजवा हात दाखवूनच रस्ता ओलांडला.

दवाखान्यातल्या बाकावर बायको येऊन बसली होती. तिच्या देखत त्यांनी विचारलं, "कसं झालं, ईवाई?" जिलबी हा शब्द अगदी जिभेवर आला होता. पण बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि मी म्हणालो, "एक म्हातारी मधेच उभी होती. तिला चुकवायला गेलो."

बायकोच्या चेहऱ्यावर जरा कौतुक दिसलं. आणि व्याह्यांनी, भर दवाखान्यात, माझ्यासमोर हात जोडले. "चूक माझी हाय. त्या म्हातारीला उभं ऱ्हायला म्या जागाच ठेवली न्हाय." उभ्या आयुष्यात वरपक्षानं मुलीच्या बापापुढं हात जोडलेले मी पहिल्यांदा बघत होतो. मनगट ठणकत होतं, पण आतून फार बरं वाटत होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी मात्र दुसरा हात वर करून, राहू द्या, असा मोठेपणा केला.

पुढचे दीड महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत मानाचे. विहीणबाईंनी माझ्यासाठी बिनसाखरेचे मेथीचे लाडू पाठवले. इतके कडू होते की शिक्षा म्हणून पुरेसे व्हावेत. त्यांचे फेटेवाले चुलतभाऊसुद्धा बघायला येऊन गेले. आणि साहेबांनी माझ्याकडून लेखी जबाब मागवला तेव्हा मी शाळेतल्या त्याच वळणदार अक्षरात लिहून दिलं, की पादचाऱ्यांना उभं राहण्यास जागा नसल्याने एक वृद्ध महिला अचानक समोर आली. साहेबांना एवढंच पाहिजे होतं. प्रयोग पाचव्याच दिवशी गुंडाळला होता. आता फाईलही बंद झाली. टायर ज्याचे त्याला परत गेले. व्याह्यांनी ते स्वतः, एकेक घरंगळत, डाव्या बाजूनं नेऊन दिले.

मला वाटलं, संपलं. पण आगारात अपघात झाला की चौकशी होते आणि चूक सापडेपर्यंत ड्रायव्हर सुटत नाही, ही त्यांची रीत. ते वही घेऊन माझ्याकडे आले आणि आगारात भरतात तसा तक्ता त्यांनी आखला. वाहनात प्रवासी किती? एकटाच. माल? एक पिशवी. पिशवीत काय? काही नाही. जिलबीसाठीच नेली होती ती. म्हातारीनं लुगडं कुठल्या रंगाचं नेसलं होतं? मी म्हणालो, हिरवं. तिचं तोंड कुणीकडं होतं? दवाखान्याकडे. किती पुढं उभी होती? मी खोलीत नजर फिरवली, पलंगापासून दारापर्यंतचं अंतर पाहिलं आणि म्हणालो, कडेपासून तीन फूट. त्यांनी तीन फूट लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

आणि मग ते त्या म्हातारीला शोधायला लागले. कितीतरी महिने गावातल्या नि आसपासच्या वाड्यांतल्या प्रत्येक म्हातारीला ते विचारत होते, की त्या दिवशी दवाखान्यापाशी तुम्हीच उभ्या होता का. तिघी जणींनी हो म्हणून सांगितलं. पहिलीनं मला पडताना बघितलं होतं, दुसरीनं मला उठवून पाणी पाजलं होतं, आणि तिसरीनं आधी विचारलं, की हो म्हटल्यावर काही योजना मिळते का. तिघींच्या जागा त्यांनी फक्कीनं आखून बघितल्या. तीनही वेगळ्या निघाल्या. संध्याकाळी माझ्याकडे येऊन ते खचून म्हणत, "ईवाई, नकाशात कुठंतरी चूक हाय. मला घावंना झालीय." मी म्हणत असे, जाऊ द्या हो. मोठ्या मनानं.

एके दिवशी सकाळी जीपनं आक्काला उडवलं. बरोबर रस्त्याच्या मधोमध, जिथं गोण्यांचं बेट होतं. जीव वाचला, पायात सळई घालावी लागली. व्याही आणि मी दवाखान्यात गेलो. आक्का खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "म्या मधी थांबले व्हते बघा. सवं लागली व्हती तुमच्या बेटाची." व्याही बाहेर व्हरांड्यात आले, भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "माझा नकाशा बरोबर असता तर तुमी पडला नसता, आन् बेट ऱ्हायलं असतं." मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. बायको तिथं नव्हती, फेटेवाले नव्हते, सगळं सांगून टाकायला याहून चांगली जागा नव्हती. पण आता जिलबीच्या एका वेटोळ्याला आक्काचा पाय येऊन चिकटला होता. इतकं मोठं झालेलं खोटं तोंडातून बाहेर काढायला माझं तोंड लहान पडलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना वाटलं मी धीर देतोय.

काही वर्षांनी नगरपरिषदेत नवीन इंजिनिअर मॅडम आल्या. लेकीच्या वयाच्या, तशाच नीट बघून रस्ता ओलांडणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांना टपरीवर वही घेऊन बसलेला एक म्हातारा दिसला, त्याच्याजवळ त्या बसल्या आणि दुपारपर्यंत उठल्या नाहीत. जुन्या फाईलमधून आमच्या लेकीच्या लग्नपत्रिका बाहेर आल्या. त्यांनी सगळं मोजलं, काँप्युटरवर घातलं आणि व्याह्यांना सांगितलं, की आजोबा, तुमच्या नकाशात काहीच चूक नाही. फक्त दवाखान्याच्या कोपऱ्यावर तुम्ही फुटपाथ तीन फूट पुढं का काढलाय ते कळत नाही. कुठल्याच गणितात तो बसत नाही, काढून टाकू. मी तेव्हा शेजारच्या बाकावर बसून बिनसाखरेचा चहा पीत होतो. व्याही म्हणाले, "बाई, गणित तुमचं बरोबर असंल. पर तिथं आमच्या ईवायांचा हात मोडलाय. माणूस पडला ती जागा म्या सोडणार न्हाय." मॅडमनी माझ्याकडे आदरानं बघितलं. मी चहात बघितलं.

रस्ता झाला. बेट झालं, उंच पट्टा झाला, गल्ल्यांची तोंडं आवळली. आणि दवाखान्याच्या कोपऱ्यावर, जगातल्या कुठल्याही गणितात न बसणारा, माझ्या पलंगापासून दारापर्यंतच्या अंतराचा तीन फूट जास्तीचा तुकडाही झाला. जी म्हातारी कधी नव्हतीच तिच्यासाठी केलेली उभं राहायची जागा. आक्का काठी टेकत आली, तिनं ती जागा बघितली आणि पाटी तिथंच मांडली. आता ती रोज तिथं बसते. दवाखान्यातून बाहेर पडणारी माणसं क्षणभर तिथं टेकतात. शाळेच्या मुली मैत्रिणींची वाट बघत उभ्या असतात. व्याही मात्र भेटेल त्याला सांगत, की ही जागा ईवायांमुळं झाली, त्यांनी हात मोडून घेतला म्हणून मला सुचली. उद्घाटनाला त्यांनी मला हाताला धरून पुढं उभं केलं. माझ्या गळ्यात हार पडला आणि आक्कानं सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मी तीनदा कबुली द्यायला गेलो. पहिल्यांदा पेढे घेऊन गेलो. बायकोनं मोजून दिलेले, म्हणून वाटेत एकही खाल्ला नाही. त्यांनी मला आग्रहानं वरच्या बाजूला बसवलं, विहीणबाईंनी सांडगे तळले, आणि मी अणदूरकडे पाऊस कसा आहे हे विचारून परत आलो. दुसऱ्यांदा वाटेतच त्यांना गाठलं, पण ते रस्ता ओलांडत होते आणि रस्ता ओलांडताना ते बोलत नसत. तिसऱ्यांदा ते दवाखान्यात होते. छातीचं दुखणं होतं. खिडकीतून खालचा कोपरा दिसत होता. मी म्हणालो, "ईवाई, त्या दिवशी मी पडलो ना..." त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, मनगट चाचपलं आणि विचारलं, "थंडीचं दुखतं का अजून?" थंडीत खरंच दुखतं. मी हो म्हणालो. "माझ्यामुळं," ते म्हणाले आणि मनगट चोळत राहिले.

गेल्या थंडीत ते गेले. दारात सगळी तयारी झाली, खांदेकरी वाकले, पण उचलेनात. घरातले सगळे थांबले होते आणि कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं. विहीणबाई उठल्या, आत गेल्या, वाटी आणि चमचा घेऊन आल्या. टण् टण्. मग निघालो. स्टँडसमोर आम्ही उंच पट्ट्यावरून पलीकडे गेलो. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या होत्या. मधल्या बेटावर खांदा बदलला. समोर कोपऱ्यावर आक्का काठीच्या आधारानं उभी राहिली होती. ती हिरवं लुगडं नेसली होती. माझं पाऊल तिथंच अडलं. लोकांना वाटलं, दुःखानं.

आता मी रोज सकाळी तिथं जाऊन बसतो. आक्का सरकून जागा देते. हॉटेलवाला अजून जिलबी काढतो आणि मी अजून बघतो. आक्काला अजून काही सांगितलेलं नाही. हे लिहून झालं की तिलाच आधी वाचून दाखवायचं ठरवलंय, कारण पाय तिचा आहे. पण पहिला हक्क ज्यांचा होता त्यांना सांगायला उशीर झाला. एरवी मी कशाहीसाठी, कुणापुढंही हात जोडत आलो, आणि एवढं एकदाच जोडायला पाहिजे होते तेव्हा एक प्लास्टरमध्ये होता आणि दुसरा मी मोठेपणानं वर धरला होता. आज दोन्ही मोकळे आहेत.

ईवाई, तिथं म्हातारी नव्हती. मी जिलबीकडे बघत होतो. तुमचा नकाशा पहिल्या दिवसापासून बरोबर होता.